बिब्ब्याच्या फुल्या

आमच्या आईच्या हातचा बिब्बा ज्याला लागला नाही, असा माणूस आमच्या कोळीवाड्यात शोधूनही सापडला नसता. पाठ धरली, चला तिच्याकडे. पाय मुरगळला, चला तिच्याकडे. शेजारच्या ख्रिस्ती घरातली म्हातारी तर रविवारी मिसाची प्रार्थना आटोपली की देवळातून थेट आमच्या पडवीत येऊन गुडघा पुढे करायची. आई बिब्ब्यात सुई खुपसायची, दिव्यावर धरायची आणि काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागी एक फुली मारायची. ती फुली कातडी सोलून निघेपर्यंत जायची नाही. गुण यायचा की नाही, देव जाणे. पण आई इतक्या ठसक्यात सांगायची, "जा आता, गेलं दुकनं," की माणूस लाजेकाजेस्तव तरी बरा व्हायचा.

मी मात्र या प्रकाराला पहिल्यापासून नाक मुरडत आले. मी मराठी सातवी पास झालेली, आणि त्या काळी उत्तनच्या किनाऱ्यावर कोळ्याची पोर सातवी म्हणजे काय, हे आताच्या पोरींना सांगून कळायचं नाही. माझं तोंडही फटकळ. लग्न होऊन भाईंदरला गेले, नवरा मिठागरावर मुकादम, तरी दर पंधरवड्याला बैलगाडीत बसून माहेरी यायचं आणि आईशी वाद घालायचा, हा माझा नेमच होता. "आई, माणसाचं अंग आहे ते, भिंत नाही," असं मी म्हणायची. ती म्हणायची, "तुज्या शालेत दुकनं घालवायला शिकिवतात का?" आता ते काही शिकवत नव्हते, हे खरं.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचा बा. बा तांडेल होता, म्हणजे होडीचा कारभारी. कुठे जाळं टाकायचं, कधी माघारी वळायचं, सगळं तो सांगेल तसं. आणि तांडेलाने "दुखतंय" म्हणायचं नसतं. तो कण्हला की खलाशांचं काळीज अर्धं होतं, असं आमच्याकडे मानत. त्यामुळे बाचं दुखणं तोंडावाटे कधी बाहेर पडलंच नाही. संध्याकाळी तो आईसमोर पाठ करून बसायचा, बोट मागे नेऊन एका जागी ठेवायचा, आणि आई तिथे फुली मारायची. दोघांत एक शब्द होत नसे. आईची बडबड सोडून, अर्थात. ती बिब्बा लावताना शेजारणीपासून सरकारपर्यंत सगळ्यांची झडती घ्यायची.

लढाई संपून थोडे दिवस झाले होते, साखर अजून रेशनवरच मिळत होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या हिवाळ्यात बाला खोकला धरला. विडीवाल्या माणसाचा खोकला कोण मोजतो? पण होळीच्या आसपास थुंकीत रक्त दिसलं आणि आईने माझ्याकडे माणूस पाठवला. मी नवऱ्याला घेऊन गेले आणि बाला उचलून भाईंदरच्या डॉक्टरकडे आणलं. डॉक्टर भला होता, पण तापट. बाचा सदरा वर केला आणि त्याने पाठीवरच्या काळ्या फुल्या बघितल्या मात्र, छातीला नळी लावायची सोडून तो आईवरच घसरला. "हे कोणी केलं? माणूस आहे की बैल? डाग कसले देता?" आई पदर तोंडाला लावून उभी. तिला असं कोणी बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. डॉक्टरने चिठ्ठी दिली, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जा, छातीचा फोटो काढा.

मुंबईला आम्ही मासळीच्या होडीतूनच गेलो. आईचं माहेर मुंबईच्या कोळीवाड्यातलं, त्यामुळे उतरायची सोय होती. निघण्याआधी आईने बाला अंगणात बसवून असा घासला, असा घासला की काय सांगू. खोबरेल चोळलं, चिंचेचा पाला वाटून लावला, नारळाच्या काथ्याने वरची कातडी निघेपर्यंत रगडलं. "मोट्या डागतरला फुल्या दिसल्या तर तो आपल्याला दारातूनच हाकलंल," ती म्हणाली. मीही पाणी ओतून दिलं. बा गुपचूप घासून घेत होता. मुलगी दाखवायला न्यावी तशी आम्ही त्याची तयारी केली. नवा सदरा, केसांना तेल, आणि आईच्या हातात डॉक्टरला द्यायला पापलेटांची टोपली.

डॉक्टर शुद्ध शाकाहारी निघाला. टोपलीवरचं फडकं काढल्यावर तो खुर्चीसकट मागे सरकला. वॉर्डबॉयने ती पापलेटं हसत हसत उचलली, आणि पुढचे सगळे दिवस आमचा नंबर कुठल्याही रांगेत पहिला लागायला लागला. पुढच्या खेपेला आई डॉक्टरसाठी वालाच्या शेंगा घेऊन गेली. त्या मात्र त्याने घरी नेल्या.

फोटोत बाच्या उजव्या फुप्फुसात एक डाग दिसला, लिंबाएवढा. मग घशातून नळी घालून आतला एवढासा तुकडा काढला. आठवड्याने डॉक्टरने आम्हाला बसवून सांगितलं की हा क्षय नाही, कर्करोग आहे. बाला तो शब्द ठाऊक नव्हता, आईलाही नाही. मला वाचून ठाऊक होता.  पण डॉक्टर लगेच म्हणाला, "एक रस्ता आहे. ते फुप्फुस कापून काढता येतं. माणूस एका फुप्फुसावर जगतो. मात्र हा रोग तिथल्या तिथेच असला पाहिजे. बाहेर पसरला असेल, तर कापण्यात अर्थ नाही."

मग त्याने शोध सुरू केला. बाची मान चाचपली, गाठी आहेत का बघायला. काखा चाचपल्या. पोट दाबून यकृत वाढलंय का पाहिलं. सगळं ठीक होतं. शेवटी त्याने विचारलं, "अंगात कुठे दुखतं का? पाठ, कंबर, हाडं? सांगा, म्हणजे तिथला फोटो काढतो." सगळ्या अंगाचे फोटो काढत बसायची तेव्हा काही सोय नव्हती. जिथे दुखतं, तिथलाच काढायचा.

बा ताठ बसला आणि म्हणाला, "काय न्हाय."

"नीट आठवा. रात्री झोपताना?"

"काय न्हाय, सायेब."

आता हे उत्तर कुठून आलं, ते सांगायला हवं. नारळी पुनवेला होड्या लोटायच्या आधी आमच्याकडे तांडेल खलाशी निवडतो. पोरं रांगेत उभी राहतात, तांडेल एकेकाला विचारतो, "काय दुकतं-खुपतं?" याचं उत्तर एकच असतं, "काय न्हाय." मग हात मोडलेला का असेना. दुखतं म्हणालास की यंदाची होडी गेली. बाने सगळं आयुष्य तो प्रश्न दुसऱ्यांना विचारण्यात घालवलं होतं. इथे पहिल्यांदाच तो रांगेत उभा होता, आणि रांगेतल्या माणसाने काय म्हणायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर आपल्याला निवडतोय, असंच त्याला वाटलं. आईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती शेजारी उभी राहून मान हलवत होती, "काय न्हाय, काय न्हाय, मानूस लोखंड हाय." मी तर काय, बाचं ऐकून खूशच झाले.

डॉक्टरने ऑपरेशनचा दिवस ठरवला. आम्ही बाहेर आलो. मी इतक्या आनंदात होते की इस्पितळासमोरच्या हॉटेलातून तिघांना चहा आणि नानकटाई घेऊन आले. बा एका बाकावर जाऊन विडी शोधायला लागला, ती मी काढून घेतली, आणि आई नि मी पायरीवर बसलो. आईने नानकटाई हातातच धरली होती.

"बाय," ती म्हणाली, "डागतरनं दुकतं का, आसं कशाला इचारलं?"

मी सांगितलं. शाळेतल्या मास्तरणीसारखं, तिला कळेल असं. "टोपलीत एक मासळी नासली तर ती काढून टाकतेस ना? पण सगळ्या टोपलीला लागलं असेल, तर एक काढून काय होणार? ते बघायचं होतं त्याला. दुसरीकडे हाडात गेलं असेल तर तिथे दुखतं."

"आनि गेलं आसंल, आनि कापलं तर?"

"तर उगाच कापलं. छाती फाडून घ्यायची, हाल सोसायचे, आणि रोग तिकडे आपला आहेच. पण बाला कुठे काय दुखतंय?"

आईने नानकटाई पायरीवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "होलीपासून रोज बोट ठेवतोय तो. कंबरेवर. बरगडीवर. खांद्यावर. मीच घासून काढल्या ना गो फुल्या. तूच पानी ओतलंस."

मला आधी नीट कळेना. कळलं तेव्हा मी चिडले, कोणावर ते आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, दोरखंड ओढणाऱ्या माणसाचा खांदा दुखायचाच, कंबर दुखायचीच, त्यात काय. म्हटलं, ठरलंय ते होऊ दे, आता मोडता घालू नकोस. ऑपरेशन म्हणजे बा वाचणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं आणि ते मला कोणाला उचलू द्यायचं नव्हतं. आईने वाद घातला नाही. वाद न घालणारी आई मला मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या माहेरच्या पडवीत मी बघते, तर दिवा पेटलेला, बिब्बा सुईला टोचलेला, आणि बा सदरा काढून तिच्यासमोर पाठमोरा.

"आता कशाला?" बा म्हणत होता. "डागतर बोंबलंल."

"बोंबलू दे. दाव कुटं."

"आगो, मग मना घेनार न्हाय तो."

"नाय घेतलं तर नाय घेतलं. उगा फाडून घ्यायला तू काय सुरमई हायस? दाव."

आमच्यात नवऱ्याला अहो-जाहो करायची रीत नाही, सगळं असं रोखठोक. बाने उसासा टाकला आणि बोट मागे नेलं. कंबरेचं हाड. मग बरगडी. मग खांदा. मग दुसरी बरगडी. आई फुल्या मारत गेली, आणि त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. मी खांबाला धरून उभी होते. मला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम.

इस्पितळात तिने स्वतःच बाचा सदरा वर केला.  मी डोळे मिटले, म्हटलं, आता भाईंदरसारखंच होणार. आई म्हणाली, "सायेब, हा तांडेल हाय, हा बोलायचा न्हाय. जितं दुकतं तितं मी फुली मारलीय. बगा तुमी काय ते."

डॉक्टर ओरडला नाही. तो खुर्ची ओढून बाच्या मागे बसला आणि एकेका फुलीवर अंगठा दाबून आईला विचारायला लागला, हे कधीपासून, रात्री जास्त की दिवसा, उठताना की बसताना. आईला सगळं ठाऊक होतं. मग त्याने फुल्यांच्या सगळ्या जागांचे फोटो काढायला सांगितले. फोटोच्या खोलीतल्या माणसाने मला विचारलं, "ही नक्षी कसली?" मी म्हटलं, "आमच्याकडे अशीच असते." दुसरं काय सांगणार?

फोटो आले. डॉक्टरने ते उजेडात धरून आम्हाला दाखवले. खांद्यात काही नव्हतं. "हे दुखणं समुद्राचं आहे," तो म्हणाला, "त्याची काळजी नको." एक बरगडीही चांगली होती. पण दुसऱ्या बरगडीचं आणि कंबरेचं हाड आतून खाल्लेलं दिसत होतं. लाकडाला भुंगा लागतो ना, तसं. ते कळायला मला कुठल्याही पुस्तकाची गरज पडली नाही.

"मग कापनार न्हाय?" आईने विचारलं.

"नाही. आता कापून त्यांना नुसता त्रास. कंबरेला विजेचे शेक देऊ, म्हणजे क्ष-किरणांचे. रोग जाणार नाही, पण दुखणं कमी होईल, चालता-फिरता येईल."

बा सदऱ्याची बटणं लावत होता. "म्हंजे घरी जायाचं?" त्याने विचारलं, आणि शाळा सुटलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा. तेव्हा मला कळलं की तो ऑपरेशनला किती भ्यायला होता. आमच्यासाठी हो म्हणाला होता, एवढंच. आई बाहेर नळावर गेली आणि तोंड धुवायच्या निमित्ताने खूप वेळ रडली. मीही तिच्या शेजारी उभी राहून रडले. वॉर्डबॉय आम्हाला बघून नळ सोडून उभा राहिला, रडणं कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

शेक मात्र मजेचे झाले. बाला वाटलं होतं की कंबर भाजून निघणार. पहिल्या दिवशी यंत्राखालून उठला तो तक्रार करतच. "फसवतात गो हे. काय लागलंच न्हाय. तुजा बिब्बा बरा, चटका तरी बसतो." पण थोड्या दिवसांत त्याचा पाय सरळ पडायला लागला. मुंबईहून येताना होडीत तो सुकाणूपाशी जाऊन बसला आणि त्याला तिथून कोणी उठवू शकलं नाही. गावात पोचल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं की मुंबईला वीज खाऊन आलो.

बाया मात्र आईला बोलायच्या. तोंडावर नाही, विहिरीवर. "ऑपरेशन ठरलं होतं, हिनंच घालवलं. गप बसली आसती तर दादला वाचला आसता." मला कळलं तेव्हा मी विहिरीवर जाऊन दोघींची अशी खरडपट्टी काढली की त्या महिनाभर वळसा घालून दुसऱ्या विहिरीवर जात होत्या. पण ते बोलणं आईच्या मनात घर करून राहिलं. फुल्या पुसल्या म्हणूनही ती स्वतःला दोष द्यायची, आणि फुल्या मारल्या म्हणूनही. बाने हे बघितलं असणार. तो बोलत नसे, पण आंधळा नव्हता.

नारळी पुनवेला होड्या लोटल्या. बा होडीत गेला. ओढायचं काम खलाशांचं, हा सुकाणूवर बसून नुसता ओरडायचा. बोंबील चांगला पडला त्या साली. आई बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायची आणि संध्याकाळी विचारायची, "आज कुटं?" बा म्हणायचा, "कुटंच न्हाय." पाठ करून बसायचं त्याने बंदच केलं. आई मला सांगायची, "शेकाचा गुन आला बग. आता बोटच ठेवत न्हाय." मीही मानलं. मला मानायचंच होतं.

पौषात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. बा बराच वाळला होता, होडीवर जायचा बंद झाला होता, पण विचारलं की "काय न्हाय" ठरलेलं. एका दुपारी आई बाजारातून लवकर आली. बा पडवीत कुशीवर झोपला होता आणि सदरा वर सरकला होता. आई थबकली. मी आतून आले तर ती खाली बसून त्याची मांडी बघत होती. मांडीवर, पोटाच्या कडेला, डाव्या दंडावर, जिथे जिथे त्याचा उजवा हात पोचत होता तिथे काळे डाग होते. फुल्या नव्हत्या, नुसते फरकटलेले डाग, काही उतून फोड येऊन फुटलेले. आई बाजारात गेली की तो तिची डबी काढून स्वतःच लावून घेत होता.

"आरं मेल्या," आई म्हणाली. तिचा आवाज चढला. "बिब्बा कोन आसा धरतो? कातडी जाललीस सगली. मना का न्हाय सांगितलं? मी काय मेले होते?"

बा उठून बसला. चोरी पकडल्यासारखं हसला. "तुला पुन्ना तरास नको म्हनून," तो म्हणाला.

आईने दिवा पेटवला, बिब्बा सुईला लावला. तो दिव्यावर धरला. "चल, पाट कर. जितं माजा हात पोचतो तितं तरी नीट लावू दे. कुटं दुकतं?"

बाने पाठ केली. बोट मागे न्यायला हात उचलला आणि तो तसाच खाली ठेवला.

"सगलीकरं," तो म्हणाला. "आता सगलीकरं."

 आईने बिब्बा डबीत टाकला, दिवा फुंकला आणि भिंतीला टेकून पाय पसरले. बाला मागे ओढून आपल्या अंगावर रेलवून घेतलं आणि दोन्ही हात त्याच्या छातीवरून गुंफले. त्याचं सगळं वजन तिच्यावर आलं. वजन तरी काय उरलं होतं? दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी आई चुलीपाशी आलीच नाही, भात मीच टाकला.